मुलांना डोळे मिटायला सांगण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांमध्ये रोज ध्यानाचा तास ठेवावा, म्हणजे मुले शांत होतील, त्यांची एकाग्रता वाढेल, अशी मागणी करणारी पत्रे या सदरात अधूनमधून दिसतात. हेतूबद्दल वाद नाही. पण हा उपक्रम शाळेत उतरतो कसा, ते पाहा. वरून सूचना येते. एका शिक्षकाला अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवले जाते. सोमवारपासून ध्वनिक्षेपकावर ध्वनिफीत लागते, 'डोळे मिटा, मनातले सगळे विचार काढून टाका.' निम्मी मुले पापण्यांच्या फटीतून शेजाऱ्याकडे बघत असतात, मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसते आणि शिक्षक तेवढ्यात हजेरी उरकून घेतात. महिनाभरात ध्वनिफीत बंद पडते आणि 'आमच्याकडे हे चालत नाही' असा शेरा कायमचा बसतो. इथे चुकतो तो क्रम. वर्गाच्या आधी शिक्षक आणि शिक्षकाच्याही आधी त्याचे वेळापत्रक, अशा क्रमाने हे व्हायला हवे.

माइंडफुलनेस, म्हणजे या क्षणी जे घडते आहे त्याकडे लक्ष देण्याची सजगता, आज ज्या अभ्यासक्रमामुळे जगभर ओळखली जाते तो जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. आठ आठवडे, दर आठवड्याला सुमारे अडीच तासांची बैठक, शिवाय घरी रोज पाऊण तास सराव. जुनाट दुखण्याने आणि ताणाने बेजार झालेल्या प्रौढांसाठी बेतलेले हे औषध. तेच पातळ करून, कोणालाही न विचारता, वर्गभर मुलांना पाजले तर गुण किती येणार?

याचे उत्तर बऱ्यापैकी मिळालेले आहे. ब्रिटनमध्ये 'मिरियाड' नावाची मोठी चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ८५ शाळा आणि आठ हजारांहून अधिक मुले, बहुतेक ११ ते १४ वयाची. काही शाळांत शिक्षकांना तयार करून सजगतेचे पाठ घेतले गेले, बाकीच्या शाळांत भावनिक-सामाजिक शिक्षण नेहमीप्रमाणे चालू राहिले. वर्षभरानंतर नैराश्याचा धोका, वर्तन आणि एकूण स्वास्थ्य या तिन्हींत दोन गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आधीपासून मानसिक त्रासाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांच्या बाबतीत तर काही मोजमापे किंचित उलट्या दिशेने गेली. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. मात्र त्याच चाचणीत शिक्षकांचा थकवा प्रशिक्षणानंतर कमी झालेला दिसला. तो फायदाही वर्षभरात बराचसा ओसरला, हेही सांगायला हवे.

शिक्षकांपासून सुरुवात केल्याचे चित्र अधिक आशादायक आहे. न्यूयॉर्कमधल्या ३६ प्राथमिक शाळांतल्या २२४ शिक्षकांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांना काहीच शिकवले नव्हते, प्रशिक्षण शिक्षकांना होते. त्यांचा मानसिक ताण आणि सतत 'वेळ पुरत नाही' ही घालमेल कमी झाली. वर्गात बसून निरीक्षण करणाऱ्यांनाही शिक्षक मुलांशी अधिक आपुलकीने वागताना दिसले. कॅनडातल्या २०१६ च्या एका अभ्यासात, ज्या वर्गांचे शिक्षक जास्त थकलेले होते, त्या वर्गांतल्या मुलांच्या लाळेत सकाळी कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक जास्त आढळले. शिक्षकामुळे मुले ताणात आली की मुलांमुळे शिक्षक, हे त्यावरून ठरत नाही. पण दोघांच्या ताणाची गाठ एकमेकांशी बांधलेली आहे, एवढे त्यातून दिसते.

तर मग शिक्षकाने करायचे काय? पहाटे उठून आसन घालण्याची गरज नाही. ज्याला जमते त्याने जरूर घालावे. शाळेच्या दिवसातली सर्वांत उपयोगी जागा म्हणजे दोन तासांमधली फट. एका वर्गातला राग, घाई, अर्धवट राहिलेले गणित असे सगळे घेऊनच आपण पुढच्या वर्गात शिरतो आणि तिथल्या पहिल्या बोलणाऱ्या मुलावर ते ओततो. म्हणून वर्गाच्या दाराशी एक मिनिट थांबायचे. दोन्ही तळपाय जमिनीला टेकले आहेत हे जाणवू द्यायचे. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर दाबलेले असतात. ते सुटे करायचे. खांदे कानांकडे चढलेले असतात. ते खाली सोडायचे. मग नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, असे पाच वेळा. एकूण पन्नास सेकंद लागतात. श्वास आत येताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, बाहेर जाताना व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावाने मंदावतात; म्हणून बाहेरचा श्वास लांब ठेवायचा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे छाती फुगवून 'खोल' श्वास घेणे. असे जोरजोरात केले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका कमी होतो, डोके हलके होते, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. मग माणूस घाबरतो आणि आणखी जोरात श्वास घेतो. श्वास लहानच असू द्यावा, फक्त सोडताना सावकाश. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू आला, तर तो फार मोठा झाला असे समजावे. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार चालेल. श्वास रोखून धरायचा नाही.

दिवस संपल्यावर घरी निघण्याआधी आणखी एक प्रकार करता येतो. नाकाने श्वास आत, त्यावरच नाकाने आणखी एक छोटा घोट, मग तोंडाने लांब, सावकाश बाहेर. स्टॅनफर्डमधल्या २०२३ च्या अभ्यासात रोज पाच मिनिटे, महिनाभर हे करणाऱ्यांची मनःस्थिती तितकाच वेळ सजगतेचे ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. ज्यांना 'बसून मनाकडे बघा' म्हटले की अंगावर येते, अशा शिक्षकांसाठी हा मार्ग सोपा आहे. अशी माणसे पुष्कळ असतात आणि त्यात त्यांचा काही कमीपणा नाही.

दुसरी जागा रागाची. वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिताना मागून कागदाचा बोळा येतो. त्या क्षणी कान गरम होतात, जबडा आवळतो, आवाज चढायच्या तयारीत असतो आणि हातातला खडू नकळत मुलावर रोखला जातो. सगळे दोन सेकंदांत घडते. 'शांत राहा' हा उपदेश तेवढ्यात आठवत नाही. पण एखादी कृती सवयीची असेल तर ती आठवते. खडू फळ्याखालच्या पट्टीवर ठेवायचा. ठेवला, की हात रिकामा होतो आणि तेवढ्यात एक श्वास बाहेर पडतो. मनातल्या मनात 'राग आलाय' एवढे म्हणायचे. 'हा मुलगा असाच आहे' हे वाक्य सुरू होऊ द्यायचे नाही. मग वळून, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत, घडलेल्या गोष्टीबद्दल एकच वाक्य बोलायचे. 'कागद उचल आणि टोपलीत टाक.' मुलाच्या स्वभावाबद्दल, घराबद्दल, गेल्या आठवड्याबद्दल काही नाही. आठवड्यातल्या दहा प्रसंगांपैकी तीन वेळा खडू वेळेवर खाली गेला, तरी सुरुवातीला ते पुष्कळ झाले.

तिसरी जागा प्रश्नानंतरची. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, की मुलांची उत्तरे लांबतात, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटते आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात. याला कोणी सजगता म्हणत नाही, पण शिक्षकाला शांतता सोसवण्याचा याहून चांगला सराव नाही. ते तीन सेकंद किती लांब वाटतात, ते मोजून पाहावे. मनात 'एक, दोन, तीन' म्हणू नये, घाईत ते एका सेकंदात संपते. दोन्ही पायांचे अंगठे बुटात तीनदा सावकाश दाबावेत.

शिक्षकांनी सहा-आठ आठवडे एवढेच करावे. मुलांना त्याबद्दल काही सांगू नये. त्यानंतर वर्ग.

वर्गात सुरुवात श्वासाने करू नये, आवाजाने करावी. एक छोटी धातूची घंटा किंवा घुमणारी वाटी पुरते. टोला दिल्यावर तिचा नाद पंधरा-वीस सेकंद टिकला पाहिजे. टण् करून लगेच विरणारी घंटा कामाची नाही. मुलांना सूचना एकच. 'आवाज संपला असे वाटेल तेव्हा एक बोट वर करा. डोळे मिटले तरी चालतील, उघडे ठेवलेत तर बाकावरच्या एखाद्या डागाकडे बघा.' टोला एकच. मग शिक्षकाने स्वतःही ऐकायचे, मुलांवर पहारा ठेवायचा नाही. बोटे एकदम वर येत नाहीत. मागच्या रांगेतली आधी येतात, पुढची नंतर, खिडकीजवळच्या एखाद्याचे तर सर्वांत शेवटी. 'बरोबर कोण?' हा प्रश्न विचारला की खेळाची स्पर्धा होते आणि दुसऱ्या दिवशी सगळी मुले एकमेकांकडे बघून बोटे वर करतात. काही न बोलता, एक क्षण थांबून, पाठाला सुरुवात करायची. पहिले दोन आठवडे दिवसातून एकदा, एकाच वेळी, एवढेच.

वेळेचा अंदाज ढोबळमानाने असा. सहा ते आठ वर्षांची मुले एक मिनिट, नऊ ते बारा वर्षांची दोन-तीन मिनिटे, त्यापुढची फार तर पाच. मुलांना आणखी हवे असले तरी वाढवायची घाई नको. मधल्या सुट्टीनंतर किंवा खेळून आलेल्या मुलांना तर लगेच बसवूच नये. आधी अर्धा मिनिट उभे राहून हातपाय झटकू द्यावेत, जागेवर चालू द्यावे, मग घंटा.

श्वासाकडे वळताना मुलांचे शरीर मोठ्यांसारखे नसते, हे लक्षात ठेवायला हवे. सहा ते बारा वयातले मूल विश्रांतीतही मिनिटाला साधारण १८ ते ३० श्वास घेते. मोठ्यांचे चार-सहा त्याच्यावर लादले की त्याला गुदमरल्यासारखे होते, ते चोरून मधेच श्वास घेते आणि आपल्याला हे जमत नाही असे धरून बसते. त्यापेक्षा बोटांचा मार्ग चांगला. डावा पंजा पसरायचा, उजव्या हाताची तर्जनी अंगठ्याच्या बुडापासून कडेने वर न्यायची, वर जाताना श्वास आत, दुसऱ्या बाजूने उतरताना बाहेर. पाच बोटे, पाच श्वास. वेग ज्याचा त्याचा. ज्याला दमा आहे, ज्याचे नाक चोंदले आहे, ज्याला श्वासाकडे लक्ष गेले की धडधडते, त्याने श्वास पूर्ण सोडून द्यावा आणि तळहात बाकावर टेकवून लाकडाचा गारवा, खरखरीतपणा जाणून घ्यावा. 'पायांकडे लक्ष द्या' ही सूचनाही दरवेळी लागू पडत नाही. उंच बाकांवर बसलेल्या लहान मुलांचे पाय लोंबकळत असतात. जमीन लागतच नाही, तर जाणवणार काय?

एक वाक्य मात्र मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे. विचार येणारच, ते येऊ नयेत असा हा खेळ नाही. लक्ष सुटले हे कळले आणि ते परत आणले, की त्या वेळेपुरते काम झाले. एका मिनिटात वीस वेळा सुटले तर वीस वेळा परत आणायचे. 'मन रिकामे करा' या सूचनेने जेवढे नुकसान केले आहे, तेवढे कशानेच केले नसेल. ती ऐकून मूल पहिल्याच विचारापाशी नापास होते.

डोळे मिटण्याची सक्ती कधीही नको. घरात मारहाण पाहिलेल्या, नुकतेच कोणी गमावलेल्या किंवा वर्गात छळ सोसणाऱ्या मुलाला तीसजणांमध्ये डोळे मिटून बसणे भीतीचे वाटू शकते. चिन्हे ओळखता येतात. श्वास अचानक भरभर होतो, अंग ताठरते, नजर एका जागी गोठते, चेहरा पांढरा पडतो किंवा डोळे भरून येतात. अशा वेळी 'रिलॅक्स हो' म्हणत जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवू नये. हळू आवाजात डोळे उघडायला सांगावे, खोलीतल्या चार-पाच वस्तूंची नावे घेऊ द्यावीत, पाणी प्यायला किंवा वही आणायला म्हणून बाहेर पाठवावे, सोबत एक मित्र द्यावा. चौकशी नंतर, एकांतात. उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, खाणे-झोप बिघडली किंवा जगणे नकोसे झाल्याचे मूल बोलले, तर तिथे घंटा-श्वासाचे काम संपते. पालक आणि समुपदेशक किंवा डॉक्टर यांच्यापर्यंत त्याला पोहोचवावे लागते. शेवटच्या बाबतीत तर त्याच दिवशी.

आता ज्या चुका जाणत्या शाळांतही होतात त्या. गोंगाट झाला की 'चला, दोन मिनिटे डोळे मिटा' असे फर्मान सुटते. ही शिक्षाच झाली. चार वेळा असे झाले की मुले घंटा दिसली तरी वैतागतात. सराव शांत वेळी करायचा, म्हणजे गोंगाटाच्या वेळी तो हाताशी असतो. दुसरी चूक, शिक्षकाचा ठेवणीतला मधाळ आवाज. मुलांना तो खोटा वाटतो आणि तो खोटाच असतो. तिसरी, बक्षीस. 'आज सर्वांत सजग कोण?' या प्रश्नातच सगळे बुडते. आणि मुले झोपी गेली म्हणून कोणी खूश होऊ नये. सहा ते बारा वयात रोज ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वयात ८ ते १० तास झोप लागते. डोळे मिटताच वर्ग पेंगू लागला तर ती झोपेची उधारी आहे. अशा वर्गाला ध्यान नको, गृहपाठ कमी हवा.

इथून मुद्दा वेळापत्रकाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, 'बर्नआउट' ही कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी गोष्ट म्हणून नोंदवली आहे; आजार म्हणून नाही. त्याची तीन अंगे सांगितली आहेत. शक्ती आटणे, कामाबद्दल दुरावा आणि कडवटपणा, आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. कारण कामात असेल तर उपायही कामातच शोधावा लागेल. सलग पाच तास उभे राहून शिकवणारा, लघवीलाही वेळ न मिळणारा, तीच माहिती तीन तक्त्यांत भरणारा आणि रात्री दहाला गटावर आलेल्या निरोपाला उत्तर देणारा माणूस. त्याला 'श्वास घ्या' म्हणणे हा उद्धटपणा आहे. शिक्षकांचा सजगतेचा वर्ग सुट्टीच्या दिवशी सक्तीने ठेवणे ही तर त्याची कमाल.

म्हणून मुख्याध्यापकांनी सुरुवात अशी करावी. सलग तीनपेक्षा जास्त तास कोणाला देऊ नयेत. दोन तासांमध्ये पाच मिनिटे खरोखर मोकळी ठेवावीत, ती देखरेखीच्या कामाने भरू नयेत. दाराशी एक मिनिट थांबायला तेवढा वेळ तर हवा. संध्याकाळची एक वेळ ठरवावी, त्यानंतर शाळेचे निरोप जाणार नाहीत. पाठवणारा आधी थांबला पाहिजे, 'उत्तर उद्या दिले तरी चालेल' एवढे लिहून भागत नाही. आणि नवा उपक्रम वेळापत्रकात घालायचा असेल तर जुना एक काढावा. काढायला काही सापडत नसेल, तर हा उपक्रम यंदा सुरूच करू नये.

परिणाम मोजायचा तर गुणपत्रिकेत शोधू नये. शिक्षकाने चार आठवडे वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात. आज आवाज किती वेळा चढला आणि तासाची घंटा झाल्यापासून वर्ग स्थिरावायला किती मिनिटे लागली. सुरुवातीचा आठवडा काहीही न करता नोंदवावा, नाहीतर तुलना कशाशी करणार? मुलांकडून महिन्यातून एकदा बिननावाची चिठ्ठी घ्यावी. त्यावर तीन चौकटी, 'करावेसे वाटते', 'कंटाळा येतो', 'त्रास होतो'. कंटाळ्याच्या खुणा बऱ्याच येतील, त्यांचे वाईट वाटून घेऊ नये. तिसऱ्या चौकटीत एक जरी खूण आली तर अक्षरावरून मूल शोधत बसू नये. दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला सांगावे, की यात बसायचे नसेल तर चित्र काढा, पुस्तक वाचा, आणि कोणाला काही बोलायचे असेल तर मी शाळा सुटल्यावर अमुक खोलीत असतो. मग त्या वेळी त्या खोलीत खरोखर असावे.

आपला,
शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करणारा एक वाचक